घुबडाचा डोळा

या टेबलावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. ('टेबलावर' म्हणजे टेबलाविषयी. आणि खुर्चीत बसून. आई हे वाचते, म्हणून खुलासा.) पण प्रत्येक वीकांताला दुसरं काहीतरी निघायचं. आणि खरं सांगायचं तर या प्रकरणात माझी जी शोभा झाली ती चारचौघांत सांगायचा धीर होत नव्हता. आता टेबल उभं आहे, त्यावरच लॅपटॉप ठेवून हे लिहितोय, तेव्हा हरकत नाही.

टेबल मूळचं साताऱ्याचं, माझ्या आजोबांचं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा कचेरीत कारकून होते. १९५८ साली कुणा साहेबाची बदली झाली, सामानाचा लिलाव झाला आणि अण्णांनी हे टेबल ८५ रुपयांना घेतलं. त्यांचा जवळजवळ महिन्याचा पगार! आजी म्हणे आठ दिवस बोलली नव्हती. साडेचार फूट बाय अडीच फूट, दोन्ही बाजूंना तीन-तीन खण, पितळी कड्या. बाबा आणि काका दोघांनी दहावीचा अभ्यास त्यावर केला. मी सुट्टीत जायचो तेव्हा त्याच्या पृष्ठभागावरचं घुबड बघत बसायचो. लाकडाच्या रेषांमधून आपोआप तयार झालेलं घुबड हो. दोन गोल गोल डोळे, मधे चोच, दोन्हीकडे पसरलेले पंख. डावं-उजवं अगदी तंतोतंत. हे घुबड लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

२०१९ साली साताऱ्याचं घर विकलं. वस्तूंची वाटणी झाली तेव्हा काकांनी झोपाळा आणि तांब्याचा बंब घेतला, बाबांनी फक्त टेबल मागितलं. काकू सहज म्हणून गेली, "एवढ्या लांब ते मोडकं टेबल कशाला नेताय?" ती सहजच म्हणाली असेल, पण बाबांना लागलं. ते म्हणाले, "अस्सल बर्मा टीक आहे. भरीव. असलं लाकूड आता डोळ्यांना दिसत नाही." टेम्पोभाडं देऊन टेबल पुण्यात आलं आणि जागा नाही म्हणून आमच्या गच्चीच्या शेडखाली गेलं. त्यावर ट्रंक आली. ट्रंकेवर कुंड्या आल्या. पाच पावसाळे गेले. पण घरी कुणी पाहुणे आले की 'भरीव बर्मा टीक' हे ऐकवलं जायचंच.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या डोक्यात आलं की आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतोय, ते डायनिंग टेबलावर किती दिवस करणार? आजोबांचं टेबल काढू, घासूनपुसून लखलखीत करू. कुंड्या हलवल्या, ट्रंक हलवली. वरची स्थिती अशी होती: ट्रंकेच्या पायांचे काळे डाग, कपांची पांढरी वर्तुळं, कडेला एक-दोन ठिकाणी टवका उडालेला, आणि मधे दोन जागी फुगवटा. टवका आणि फुगवटा. एखाद्या जाणकाराला एवढ्यावरच कळलं असतं. मला नाही कळलं. कारण मला आधीच 'माहीत' होतं की टेबल भरीव आहे.

मग तूनळीवर (यूट्यूबवर) चार व्हिडिओ बघितले. त्यात एक गोरा बाबा मशीन फिरवतो आणि दहा मिनिटांत जुनं लाकूड आतून सोन्यासारखं निघतं. लगेच ऑनलाइन सँडर मागवला, ८० नंबरचा पॉलिश पेपर लावला (नंबर जेवढा कमी तेवढा कागद खरखरीत, हे नंतर मनावर कोरलं गेलं), आणि शनिवारी सकाळी सुरू केलं. काय मजा येत होती! काळपट थर भराभर उडत होता, खालून मधासारखा रंग. एका काळ्या डागापाशी जरा हट्टाला पेटलो. डाग जाईना म्हणून मशीन तिथेच दाबून धरलं.

आणि तिथे रंग बदलला. तळहाताएवढा फिकट पांढुरका डाग. माझी बुद्धी बघा, मला वाटलं आणखी आतलं, आणखी स्वच्छ लाकूड लागलं! म्हणून आणखी थोडं घासलं. मग खाली वाकून फुंकर मारली तर लाकडाच्या रेषा आडव्या. आजूबाजूला सगळ्या उभ्या आणि त्या तेवढ्या तुकड्यात आडव्या. झाड असं वाढत नाही, हे समजायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.

हापिसात कुणी चुकून चालू सिस्टीमवरचा डेटा उडवला की त्याचा चेहरा कसा होतो ते मी बघितलंय. त्या दिवशी माझा तसा झाला असणार. फरक एवढाच की तिथे बॅकअप असतो. भरीव म्हणत होतो ते टेबल वरून सागाचा पातळ पत्रा चिकटवलेलं निघालं, म्हणजे विनियर. आणि तो पत्रा मी घासून आरपार केला होता. कुठे? घुबडाच्या उजव्या डोळ्यावर.

आईला सांगितलं. बाबांना नाही. टेबलावर जुनी चादर टाकली आणि "पॉलिश वाळतंय" असं ठोकून दिलं. आठ दिवस पॉलिश वाळत होतं.

पुढच्या शनिवारी भवानी पेठेत टिंबर मार्केट गाठलं. तीन दुकानांत "फेकून द्या, वर सनमायका मारा" हाच सल्ला मिळाला. चौथ्या ठिकाणी एक वयस्कर मिस्त्री फळ्या बघत उभे होते. त्यांनी माझ्या मोबाइलवरचा फोटो बराच वेळ पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "मशीन लावायच्या आधी काठ बघितली होती का?"

रविवारी ते घरी आले. त्या दिवशी बाबा एका लग्नाला गेले होते, ही वेळ मी साधली होती हे कबूल करतो. मिस्त्रीकाकांनी हत्यार काढलंच नाही. आधी टेबलाभोवती एक फेरी मारली, मग खाली पालथे पडले, मग खण बाहेर काढून उलटे केले. आणि मला शिकवणी सुरू केली. जुनं टेबल हाताशी असेल तर तुम्हीही करून बघा, म्हणून सांगतो.

पहिलं म्हणजे काठ. भरीव फळीच्या वरच्या रेषा काठावरून खाली उतरतात, टोकाला वाढीच्या चकत्या दिसतात. आमच्या टेबलाला पुढे आणि दोन्ही बाजूंना सागाची पट्टी मारलेली होती, त्यामुळे टोक दिसतच नव्हतं. पण भिंतीकडची मागची काठ उघडी होती, आणि तिथे थर सरळ मोजता येत होते. वर सागाचा मिलिमीटरभर थर, खाली फिकट लाकडाच्या आडव्या पट्ट्यांचा गाभा, तळाला पुन्हा एक पातळ थर. दुसरं, खालची बाजू. वर गडद साग आणि खाली फिकट, वेगळंच लाकूड असेल तर संशय घ्यायचा. तिसरं, नखाने टकटक करायची. फुगलेल्या जागी पोकळ आवाज येतो, कारण तिथे सरस सुटलेला असतो. भरीव लाकडाला तडा जातो, वाकही येतो, पण असा फोड येत नाही.

आणि चौथं? मिस्त्रीकाकांनी पृष्ठभागावर बरोबर मधोमध बोट ठेवलं. तिथे केसासारखी बारीक रेघ होती, आरपार. "हे डावं आणि उजवं सारखं दिसतंय ना? एकाच ओंडक्याचे लागोपाठ निघालेले दोन पत्रे. पुस्तक उघडतात तसे उघडून शेजारी शेजारी लावलेत. भरीव फळीत असं कधी येत नाही. झाड आरसा बघून वाढतं का?"

म्हणजे माझं घुबड! लहानपणापासून तासन् तास बघितलेलं ते घुबड हाच टेबल विनियरचं असल्याचा सगळ्यात मोठा पुरावा होता. तो कायम डोळ्यांसमोर होता. अगदी डोळे वटारून माझ्याकडेच बघत होता.

पुढचा धक्का असा की मशीनची मुळात गरजच नव्हती. काकांनी मागच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावलं. मिनिटभरात तिथलं पॉलिश चिकट झालं आणि कापूस तपकिरी. म्हणजे लाखेचं पॉलिश. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर जे लाखेचे किडे असतात त्यांची ही लाख, स्पिरिटमध्ये विरघळते. हल्लीचं पॉलियुरेथेन असतं तर स्पिरिटला दादच दिली नसती. लाखेचं जुनं पॉलिश काढायला फडकं आणि स्पिरिट पुरतं. मी जिथे फडकं लागतं तिथे जेसीबी आणला होता.

एवढं झाल्यावर मी विचारलं, "मग हे टेबल नकली का?" काका चक्क चिडले. त्यांचं म्हणणं असं, की विनियर म्हणजे फसवणूक हे आपल्या डोक्यात हल्लीच्या कागदासारख्या पातळ पत्र्यांमुळे बसलंय. अडीच फूट रुंदीची भरीव फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला वाक आणि तडे येतात. आडवा गाभा घालून वर-खाली पत्रे लावले की लाकूड एकमेकाला धरून ठेवतं. हे सुतारकाम आहे, लबाडी नाही. (मी नंतर शोधलं. १९२२ साली तुतानखामेनची कबर सापडली, तिच्यातल्या सामानातही विनियरकाम आहे, आबनूस आणि हस्तिदंताचं. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या राजाला तर कुणी 'नकली' म्हणत नाही!) पाय आणि सांगाडा मात्र भरीव सागाचाच होता, खणांचे सांधे हाताने कापलेले. "बर्मा टीक?" मी आशेने विचारलं. काकांनी तळाशी किंचित खरवडलं, वास घेतला आणि म्हणाले, "साग आहे. बर्माचा का सीपीचा ते वासावरून सांगणारा मी तरी नाही."

सीपी म्हणजे ब्रिटिशांचा मध्य प्रांत, चंद्रपूर-बल्लारशाकडचा साग त्यातलाच. 'बर्मा' या शब्दाला मात्र वेगळंच वजन आहे. मुंबईत १८६३ साली निघालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन तिथला साग तोडायची. तिला तिथल्या राजाने ठोठावलेल्या दंडाचं निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये युद्ध केलं आणि उरलेला ब्रह्मदेश गिळला. एका लाकडापायी राज्य गेलं! मग आमच्या घरात त्या नावापायी पाच वर्षं थोडी बढाई मारली गेली, तर त्यात नवल काय.

असो. आता बाबांना सांगणं भाग होतं. त्या रात्री चादर काढली. बाबांनी चष्मा लावला, त्या पांढुरक्या तुकड्यावरून बोट फिरवलं. मी म्हटलं, "बाबा, माझ्याकडून चूक झाली. आणि... हे भरीव नाहीये." मी ओरडा खायच्या तयारीत होतो. ते माझ्यावर चिडलेच नाहीत. बराच वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, "म्हणजे अण्णांना कुणी फसवलं होतं का रे?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढच्या रविवारी मिस्त्रीकाका आले तेव्हा बाबांनी त्यांनाही तेच विचारलं. काकांनी त्यांना टेबलामागे नेलं आणि ती उघडी काठ दाखवली. "फसवायचं असतं ना, तर इथेपण पट्टी मारली असती. करणाऱ्याने लपवलेलं नाही. वाकून बघणाऱ्याला दिसेल असं ठेवलंय." बाबा वाकले. गुडघेदुखी आहे त्यांना, तरी वाकले. उठताना हळूच म्हणाले, "अण्णा कधी भरीव म्हणाले नव्हते. ते फक्त 'चांगलं टेबल आहे' म्हणायचे. भरीव मीच म्हणायला लागलो... वाटणीच्या वेळेपासून."

त्यानंतर टेबलाचं काम आम्हा तिघांचं झालं.

आधी फुगवटे. फोडाला रेषेच्या दिशेने ब्लेडने बारीक चीर, वर ओलं फडकं, त्यावर गरम इस्त्री. जुना सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात, तो ऊब आणि ओल मिळाली की पुन्हा मऊ होतो. (घरभर काय वास सुटला म्हणता! आई दोन तास शेजारी जाऊन बसली.) आत थोडा ताजा सरस सारला, वर बटर पेपर, त्यावर पाट, आणि पाटावर आमचा अडगळीतला दगडी पाटा. दुसऱ्या दिवशी टकटक केली, आवाज भरीव! हेच जोडकाम आजच्या पांढऱ्या गोंदाने केलेलं असतं तर असं सहज उलगडलं नसतं. म्हणून जुन्या वस्तूला सरसच वापरायचा, पुढच्या माणसाला काम करता यायला हवं, असं काकांचं मत. हापिसात कोड लिहिताना आम्ही हेच म्हणतो, पण करत नाही.

मग ठिगळ. बाजारातलं विनियर आमच्यापेक्षा निम्म्याहून पातळ, ते खड्ड्यात बसलं असतं. म्हणून काकांनी टेबलाचीच जुनी कातडी वापरली. पायांच्या मागे जी आडवी फळी असते तिच्या आतल्या बाजूचा एक तुकडा इस्त्रीच्या उबेने आणि पातळ सुरीने अलगद सोडवला. ठिगळ चौकोनी नाही लावायचं. रेषेला आडवी गेलेली कड लगेच डोळ्यांत भरते. होडीसारखं, दोन्ही टोकं रेषेच्या दिशेने निमुळती. ठिगळ जागेवर ठेवून खालचं-वरचं एकदमच कापलं, त्यामुळे ते मापात बसलं. ठिगळाच्या रेषा सरळ, तिथे डोळ्याचं वर्तुळ काही नाही. आम्ही तिघेही मागे सरकून बघत होतो. बाबा म्हणाले, "डोळा मारतंय." खरंच, घुबडाचा उजवा डोळा मिटलेला दिसत होता.

डागांचा नियम सोपा निघाला. पांढरं वर्तुळ म्हणजे ओल पॉलिशमध्ये अडकलेली, ते पॉलिश उतरवताना गेलं. काळा डाग म्हणजे ट्रंकेच्या गंजाचं लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांची ओल्यात झालेली शाई, ती लाकडाच्या आत असते. घासून जात नाही. (मी तो प्रयोग केलेला आहे. :-) ) त्याला ऑक्झॅलिक अॅसिडचं पाणी लावतात, मग साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून घेतात. विषारी असतं, हातमोजे आणि मास्क हवेतच. तीन डाग गेले. चौथा फिकट झाला, तो राहू दिला.

आणि मग थांबलो. जून लागला होता. दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं, तेव्हा काकांनी बजावलं, "दसऱ्यानंतर." आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कामाची डेडलाइन मॉन्सूनने ठरवली. ऑक्टोबरात चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवली, गाळली. कापसाची पुरचुंडी अण्णांच्याच एका जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधली आणि मराठी चारच्या आकड्यासारखे फेरे मारत हात फिरवत राहिलो. पुरचुंडी कुठेही थांबवायची नाही, थांबली की चिकटली. एका बैठकीत पातळ दोन-तीन हात, मग दिवसभर विश्रांती. असे पाच वीकांत गेले. माझा हात काही केल्या सरळ येईना, बाबांचा मात्र आला. शेवटचे हात सगळे त्यांचे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काका-काकू आले. काका टेबलापाशी थांबले, वरून हात फिरवला आणि म्हणाले, "दादा, बरोबर होतास तू. भरीव बर्मा टीक ते बर्मा टीक!" मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. बाबांनी नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं. कुणाला कळणार होतं?

"विनियर आहे," बाबा म्हणाले. "पाय तेवढे भरीव. मी उगाच बोलत होतो."

काका काहीच बोलले नाहीत. मग खाली वाकून पृष्ठभागाच्या पातळीला डोळे नेले आणि म्हणाले, "आणि आपलं घुबड कुठंय रे?" मला वाटत होतं ते घुबड फक्त माझं आहे. दोघे भाऊ खुर्च्या ओढून बसले आणि मिटलेल्या डोळ्यावर बोट ठेवून बाबा त्याला मशीनची गोष्ट सांगायला लागले. माझी पुरेपूर बदनामी करून.

मी ट्रे घेऊन पुढे गेलो. दोघेही एकदम ओरडले, "टेबलावर नको!"

तेव्हापासून घरात नियम आहे. कप बशीत, बशी खालच्या स्टुलावर. आत्ताही तिथेच आहे, आणि चहा गार झालाय.